कुंड्या चैत्रात मोजाव्यात



महावीर जयंतीची मिरवणूक झाली, मग ओळीची पारणी झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही-पेन घेऊन गच्चीवर गेले. दरवर्षी जाते. घरात याला ‘मम्मींचं ऑडिट’ म्हणतात. बी.कॉम. होऊन चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली, नोकरी एक दिवस केली नाही, पण शिक्षण असं कुठूनतरी बाहेर पडतंच.

या वर्षी 61 कुंड्या निघाल्या. लहान 34, मध्यम 19, मोठ्या 8. दिवाळीत मोजल्या असत्या तर मलाही कौतुकच वाटलं असतं. पण मोजल्या चैत्रात, जालन्यात, सकाळी नऊलाच गच्चीची फरशी पायाला चटका देत असताना. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीस-बेचाळीसला जातो आणि नळ आठ-आठ दिवस येत नाही. लहान कुंडीला अर्धा लिटर, मध्यम कुंडीला एक, मोठीला तीन. म्हणजे 17 अधिक 19 अधिक 24. रोजचं साठ लिटर पाणी. पंधरा लिटरचा हंडा धरला तर चार हंडे.

माझं म्हणणं सरळ आहे. आपली बाग केवढी असावी हे आषाढ-श्रावणात ठरवायचं नसतं, चैत्रात ठरवायचं असतं. पावसात कुणीही झाडं वाढवतं. उन्हाळ्यात जेवढ्यांना पाणी पाजता येईल तेवढीच आपली, बाकीची हौस. आणि हौसेने आणलेला जीव मे महिन्यात वाळवून मारणं हे आपल्या घरात शोभत नाही.

हे वाचून काही जणी म्हणतील, मग झाडंच कशाला? आमच्या महिला मंडळातही हा वाद होतो. एका ताईंचं ठाम मत आहे की माती उकरणं, पाणी ओतणं, सगळी हिंसाच. पृथ्वीकाय, अप्काय, वनस्पतीकाय, वर मुंग्या आणि गांडुळं. श्रावकाच्या घरी एक तुळस पुरे, तीही कुणी दिली तर. दुसऱ्या ताई अगदी उलट. झाडाला पाणी घालणं म्हणजे पुण्य, जितकी झाडं तितकं पुण्य जास्त. मला दोन्ही पटत नाहीत.

पहिल्या ताईंना मी विचारलं, तुमच्या घरी कोथिंबीर कुठून येते? बाजारातून. तिथे ती कुणीतरी माती उकरूनच लावली ना? वर औषधाचे दोन फवारे मारले. करणं, करवणं आणि अनुमोदणं, तिन्हींचा हिशेब आपण लहानपणापासून ऐकतो. हात बाजारात मळले की घरात स्वच्छ राहतात असं नाही. आणि असि, मसि, कृषी शिकवली ती भगवान ऋषभदेवांनीच. आता अक्षय तृतीया येतेय, वर्षीतपाची पारणी होतील, आपण सगळ्या उसाच्या रसाचे कलश घेऊन उभ्या राहू. तो ऊस काय आकाशातून पडतो?

पण दुसऱ्या ताईंचं तरी कसं पटावं? आचारांग सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात झाडाची आणि माणसाच्या शरीराची तुलना आहे. तेही जन्मतं, वाढतं, त्यालाही आहार लागतो, तोडलं की कोमेजतं. पुढच्या काळातल्या शास्त्रज्ञांचे दाखले द्यायची आपल्याला गरजच नाही. झाड जीव आहे हे मानलं, तर दुकानातली वस्तू असल्यासारखं ‘जितकी जास्त तितकं पुण्य’ हे गणित बसत नाही. तो परिग्रह झाला. दागिन्यांची मर्यादा करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, साड्यांची करणाऱ्याही थोड्या पाहिल्या. कुंड्यांची मर्यादा केलेली मला अजून भेटली नाही.

उपासकदशांगातला आनंद श्रावक आठवतो का? प्रवचनात त्याची बारा कोटी सुवर्णमुद्रा आणि चाळीस हजार गायी एवढंच आपल्या लक्षात राहतं. मला मात्र त्याची बारीक यादी आवडते. त्याने शेती सोडली नाही, पाचशे नांगरांची जमीन ठेवली. पण ठेवली मोजून. आंघोळीचं पाणी आठ घडे. फुलांत शुद्ध कमळ आणि मालतीची माळ, बाकी त्याग. आणि पिण्यासाठी फक्त पावसाचं पाणी. एवढा मोठा माणूस घडे मोजत होता! आपण रोज सकाळी चौदा नियम घेतो, त्यातही कुसुम आहे, स्नान आहे. मग झाडांचं पाणी तेवढं बिनहिशेबी कसं? मी काही पंडित नाही, चुकत असेन तर महाराजसाहेबांना विचारून मला कळवा.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला बारा-तेरा वर्षं लागली.

2013चा उन्हाळा. आधीचा पावसाळा कोरडा गेला होता. जालन्याच्या बायकांना तो उन्हाळा वेगळा सांगायला नको. निजामाच्या काळात बांधलेला घाणेवाडीचा तलाव, ज्याचं पाणी उताराने गावात येतं, तो कोरडा पडला होता. रस्त्यावर टँकरच टँकर. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी पाणी विकत घेतलं, ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी ड्रम घेऊन रांगा लावल्या. ‘जालना सोने का पालना’ म्हणणारं हे गाव, पाळण्यात सोनं होतं पण पाणी नव्हतं.

तेव्हा गच्चीवर फक्त सासूबाईंची झाडं होती. जीजी म्हणायचो आम्ही त्यांना. एक मोगरा, एक कागदी लिंबू, तुळशी, कढीपत्ता, थोडं इकडचं तिकडचं. मोगरा जीजींच्या जिवाचा. आम्ही स्थानकवासी, फुलं वाहायची पद्धत नाही, आणि जीजी तोडतही नसत. सकाळी झाडाखाली पडलेली फुलं परातीत वेचायच्या आणि उशाशी ठेवायच्या. त्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. रोज विचारायच्या, “मोगऱ्याला पाणी दिलं का?”

आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या ताई तेव्हा वस्तीत राहायच्या. एप्रिलच्या शेवटी एका दुपारी त्या म्हणाल्या, “भाभी, दोन हंडे पाणी मिळेल का? टँकर आलाच नाही.” बरोबर त्यांची आठ-नऊ वर्षांची मुलगी होती, डोक्यावर ठेवायची चुंबळ हातात घेऊन. मी टाकीचं झाकण उघडून पाहिलं, मनात हिशेब केला आणि म्हणाले, “एक घेऊन जा. आमचा टँकर परवा आहे.” त्यांनी एक हंडा भरून घेतला.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी मोगऱ्याला पाणी दिलं. लिंबालाही दिलं. सवयीने दिलं. वर पाहिलं तर जिन्याच्या दाराशी ती मुलगी उभी. रिकामा हंडा परत द्यायला आली होती. तो आमचाच हंडा होता. तिने तो खाली ठेवला आणि गेली. काही बोलली नाही. तिची आईही दुसऱ्या दिवशी वेळेवर आली, काही बोलली नाही. मी जीजींना सांगितलं, दिलं पाणी. त्या समाधानाने झोपल्या.

यावर मी कितीदा प्रतिक्रमण केलं असेल. पण प्रतिक्रमण माझं मी केलं, त्या मुलीला पाणी मिळालं नाही ते नाहीच. आमच्याकडे त्या वेळी कूलरही चालू होता. तो किती पाणी पितो याचा विचारही कुणी केला नव्हता.

त्याच उन्हाळ्यात आमच्या ह्यांच्या एका मित्राची अंबड तालुक्यातली मोसंबी वाळली. जालन्याची मोसंबी म्हणजे आपलं भूषण, पुढे तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्या वर्षी जिल्ह्यात बागाच्या बागा सरपण झाल्या. मित्र ह्यांना म्हणाले होते, “अर्धी झाडं वेळेवर सोडली असती तर अर्धी वाचली असती. सगळी वाचवायला गेलो.” हे वाक्य मी विसरले नाही.

जीजी त्याच वर्षी दिवाळीच्या आधी गेल्या. पुढच्या वर्षी मी नियम घेतला. बागेला दिवसाला दोन हंडे, तीस लिटर, त्यापेक्षा थेंब जास्त नाही. आणि दारात कुणी पाणी मागितलं तर त्याचे दोन हंडे आधी. गच्चीच्या पन्हाळीखाली दोन हजार लिटरची काळी टाकी बसवली. पावसाचं पाणी जाड गळण्यातून गाळून त्यात जातं, झाकण घट्ट. ती टाकी महावीर जयंतीला उघडायची. दोन हजार भागिले तीस, सहासष्ट दिवस. जवळजवळ मृगापर्यंत पोचतं. (ज्यांना वाटतं की गच्चीवर असं कितीसं पाणी पडणार, त्यांच्यासाठी: आपल्याकडे वर्षाला साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला, तर हजार चौरस फुटांच्या गच्चीवर साठ हजार लिटर पाणी पडतं. आपण ते गटारात सोडतो आणि नंतर टँकरवाल्याला फोन लावतो.)

तर असा नियम, आणि आता 61 कुंड्या. साठ लिटर रोज म्हणजे टाकी तेहतीस दिवसांत रिकामी. मेचा सगळा कडक उन्हाळा पुढेच.

कुंड्या कुणी वाढवल्या? सूनबाईंनी. पुण्याची मुलगी, घरूनच कॉम्प्युटरवर काम करते. कोरोनात तिने सुरुवात केली आणि मग थांबलीच नाही. पुदिना, गवती चहा, चेरी टोमॅटो, गुलाबाचे सात रंग, आणि ती जाड बुंध्याची अडेनियमं. मी तिला म्हणाले, निम्म्या कुंड्या द्यायला हव्यात. शिवाय मेमध्ये तुम्ही सगळे बारा दिवस फिरायला जाणार, साठ लिटर पाणी मी या गुडघ्यांनी कशी घालू?

ती म्हणाली, “मम्मी, तुम्ही प्रेमसुद्धा मोजून करता.”

लागलं मला. उत्तर सुचलं नाही. मग ती म्हणाली, कोरोनात मी या चार भिंतींत होते, पिंटू लहान, माझे पप्पा तिकडे दवाखान्यात, मला जाता येत नव्हतं. तेव्हा मी रोज सकाळी इथे येऊन बसायचे. ही झाडं तुमच्यासाठी कुंड्या असतील.

हे तिने मला आजवर सांगितलं नव्हतं. एकाच घरात राहतो आम्ही. मीही तिला तो हंडा कधी सांगितला नव्हता. त्या दिवशी सांगितला. ती ऐकून घेऊन खाली गेली. मला वाटलं, आता पटेल. कसलं काय! दोन दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं.

तिसऱ्या दिवशी ती बादली घेऊन आली. म्हणाली, “हिशेबच करायचा ना, मग पूर्ण करू. कूलरमध्ये दिवसाला किती पाणी घालतो ते मोजूया.” नातवाला तेवढंच हवं होतं, त्याने भिंतीवर खडूने रेघा मारल्या. सकाळपासून रात्रीपर्यंत बावन्न लिटर! बागेपेक्षा जरासंच कमी. आणि त्या बागेवर मी आठवडाभर प्रवचन देत होते. आमचे हे पेपरमागे तोंड लपवून बसले, कारण सकाळी दहापासून कूलर त्यांनाच लागतो. आता कूलर दुपारी एक ते चार. ते माझ्यावर अजून नाराज आहेत. वाळ्याच्या ताट्या भिजवायलाही पाणीच लागतं असं परवा मला सुनावलं.

मग आम्ही तिघींनी, म्हणजे मी, सून आणि शेजारच्या भाभींनी, कुंड्यांची निवड केली. ती कशी केली ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर झाला.

पहिल्यांदा गेला पुदिना आणि गवती चहा. दोघांचीही तहान भागत नाही. कोथिंबीर या उन्हात पानं धरतच नाही, सरळ फुलावर जाते, तिची कुंडी रिकामी केली. टोमॅटोचीही फुलं एवढ्या उष्णतेत गळतात, फळ धरत नाही. पाणी मात्र प्यायला पुढे. गुलाब पाच दिले, दोन ठेवले. कढीपत्ता, लिंबू, जुना मोगरा आणि सोनचाफा या चार मोठ्या कुंड्या राहिल्या. बाकीच्या चार मोठ्या खाली अंगण असलेल्या घरांत गेल्या. जमिनीत लागल्या तर त्यांना कुंडीपेक्षा सोपं जाईल. कोरफड, सदाफुली, अडेनियम यांना फारसं काही लागत नाही, ती राहिली. शेवटी लहान 10, मध्यम 13, मोठ्या 4. पाच अधिक तेरा अधिक बारा, बरोबर तीस. बेरीज जुळल्यावर मला जो आनंद होतो तो झालाच.

कढीपत्त्यावरून थोडं वाजलं. तीन लिटर पाणी पिणारं झाड कशाला, कढीपत्ता बाजारात मिळतो, असं सूनबाई म्हणाली, आणि माझ्याच नियमाने तिचं बरोबर होतं. पण तो मी ठेवला. जीजींनी लावलेला आहे. मैत्रिणींनो, हिशेबाच्या वहीत एखादी नोंद अशी असतेच.

पाण्याच्या चार गोष्टी. पाणी सकाळी, सूर्य उगवल्यावर घालायचं, आठच्या आत. रात्री घालू नये. आपल्याला कारण माहीत आहे, अंधारात जीव दिसत नाहीत. शिवाय सकाळचं पाणी उन्हाआधी मुळाशी पोचतं. कुंडीच्या मातीवर वाळलेल्या पानांचा जाड थर द्या, ओल टिकते. ओला कचरा कुजवून खत करणं मला जमत नाही, त्या बादलीत जे वळवळतं ते मला बघवत नाही. मी मोसंबीची सालं आणि भाज्यांची देठं कडक उन्हात वाळवते, वाळवणाच्या खाटेच्या कोपऱ्यावर, पापडांपासून लांब, आणि चुरून तीच पसरते. तांदूळ-डाळीचं धोवण आधी गोचरीसाठी, उरलं तर झाडांना, तेही लगेच. साठवून ठेवायचं नाही. आणि आरओचं बाहेर पडणारं पाणी कुंडीत घालू नका. आपल्या बोअरच्या पाण्यात आधीच क्षार, आरओच्या टाकाऊ पाण्यात ते आणखी दाट होतात. आमच्या लिंबाच्या पानांची टोकं त्यानेच करपली आणि मी वर्षभर कीड शोधत बसले. ते पाणी फरशी पुसायला वापरा.

पक्ष्यांचे परिंडे या तीस लिटरांत धरलेले नाहीत. ते वेगळे. फक्त त्यातलं पाणी रोज बदला, नाहीतर दोन-तीन दिवसांत त्यात डासांच्या अळ्या होतात आणि दयेपोटी आपणच ते पाप वाढवतो.

दिलेल्या चौतीस कुंड्यांतल्या तीन पहिल्याच आठवड्यात वाळल्या असं कळलं. ज्यांना दिल्या त्यांनी प्रेमाने घेतल्या होत्या. सूनबाई मला काही म्हणाली नाही, पण संध्याकाळी पोळ्या लाटताना लाटणं जरा जोरात आपटत होती. तिचं चूक नाही. कुंडी देताना मी घर पाहिलं, माणूस पाहिला, त्यांच्या घरचं पाणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी विचारून देईन.

त्या ताई आता आमच्याकडे येत नाहीत, गुडघे गेले. मुलीचं लग्न झालं, मागच्या वर्षी ती बाळाला घेऊन भेटून गेली. मी पाणी दिलं, सरबत दिलं, बाळाच्या हातावर पैसे ठेवले. तिला ती संध्याकाळ आठवते का हे विचारायची हिंमत झाली नाही. जाताना ती गच्चीकडे पाहून म्हणाली, “आजींचा मोगरा आहे का अजून?” मी म्हणाले, आहे. तिला वर नेलं. त्या दिवशी पडलेली फुलं तिने ओच्यात वेचून नेली.

आज सकाळची नोंद: 27 कुंड्या, 30 लिटर. टाकीत पावणेसोळाशे शिल्लक. लिंबाखाली मुंग्यांची रांग लागलीय, कुंडीभोवती हळदीची रेघ ओढली. नातू म्हणतो, पप्पांच्या आंघोळीचंही मोजूया का? त्याला म्हटलं, आधी तुझं.